वहीचा समास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी वर्गात ज्ञानेश्वरी शिकवीत होतो आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा वहीच्या समासात चित्रे काढीत होता. मी वही ओढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे, याने पोट भरणार आहे का?" मुलगा मान खाली घालून बसला. वही माझ्या खणात पडून राहिली.

पुढे लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन कलावंताचे चरित्र वाचू लागलो, आणि ती वही टोचू लागली.

१८९५ साली जन्मलेले हे गृहस्थ बुडापेस्टला कायदा शिकत होते. पहिल्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जावे लागले. तिथे ते लष्करी पोस्टकार्डांवर चित्रे काढीत. १९१७ साली ते जखमी झाले. पुढे कायदा सुटला; चित्र काही सुटले नाही.

१९२३ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, ते जर्मनीतल्या 'बाउहाउस' या कलाशाळेत शिक्षक झाले. मुलांच्या हाती ते लाकूड, काच, पत्रा देत आणि आधी स्पर्शाने ओळख करून घ्यायला लावीत. शाळेच्या ग्रंथमालेची मांडणीही त्यांनीच सजवली. १९२८ साली शाळा सोडून ते बर्लिनच्या रंगभूमीकडे वळले. तिथे ऑफेनबाखच्या 'टेल्स ऑफ हॉफमन' या संगीतिकेचे नेपथ्य त्यांनी १९२९ साली केले. रंगवलेल्या पडद्यांपेक्षा त्यांचा भरवसा प्रकाशावर आणि सावल्यांवर.

नाझी राजवट आल्यावर जर्मनी सुटली. अ‍ॅम्स्टरडॅम, लंडन करीत १९३७ साली ते शिकागोला पोहोचले. तिथे काढलेली शाळा पैशांअभावी वर्षभरात बंद पडली! दुसरा एखादा खचला असता. यांनी १९३९ साली पुन्हा शाळा उघडली, आणि सहकारी बिनपगारी शिकवायला उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांनी लाकडाच्या स्प्रिंगा घडवल्या. १९४६ साली, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. शाळा मात्र टिकली.

प्रत्येक माणसात काही ना काही गुण असतो, अशी त्यांची श्रद्धा. मी वीस वर्षे शिकवतो आहे. पण समासात काय आहे ते पाहायचे मला सुचले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या मुलाला बोलावून वही परत केली.

"सर, आता नाही काढणार," तो घाईघाईने म्हणाला.

"तसे नव्हे रे," मी म्हणालो, "समास जरा रुंद आखत जा."