रिपोर्ट नॉर्मल, बाळ बेजार

यकृत प्रत्यारोपण झालेलं मूल आजारी पडलं की सगळे आधी यकृताकडे धावतात. साहजिकच आहे. आईने नाहीतर बापाने स्वतःच्या पोटातून काढून दिलेला तुकडा, गावोगाव मागितलेली वर्गणी, नवं यकृत टिकवणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाच्या वेळा सांभाळत काढलेले महिने. मुलाला दोन उलट्या झाल्या की घरच्यांच्या पोटात गोळा येतो: रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारलं, असं तर नाही? रक्त तपासायला जातं. बिलिरुबिन, एसजीपीटी हे यकृताचे आकडे जागेवर आले की घर निःश्वास सोडतं, डॉक्टरही सोडतात. या मुलांची खरी फसगत बरेचदा इथेच होते. यकृत ठणठणीत असतं, आणि आतडं छातीत चढलेलं असतं.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा आहे. त्याला भोक पडून पोटातलं काही वर सरकलं, तर तो श्वासपटलाचा हर्निया. यकृत प्रत्यारोपणानंतर तो क्वचितच होतो. मुलांमध्ये शंभरात एक-दोनच्या आसपास, मोठ्यांमध्ये त्याहूनही कमी. पण होतो तेव्हा त्याला कारणं असतात, आणि ती नीट पाहिली तर मुलांनाच तो का गाठतो हे कळतं.

लहान मुलांच्या प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जन्मतःच पित्तनलिका बंद असणं, बिलियरी अट्रेशिया. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये जगातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, ते याच आजाराच्या मुलावर. ते मूल वाचलं नाही. भारतात १९९८ साली दिल्लीत मुलाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तेही याच आजारासाठी. या बाळांची बहुधा आधी एकदा कसाई शस्त्रक्रिया झालेली असते. (हे ती शोधणाऱ्या जपानी सर्जनचं आडनाव, ऐकून दचकणाऱ्या प्रत्येक आईला समजावून सांगावं लागतं.) त्यामुळे पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं. यकृताचा मागचा-वरचा भाग मुळातच श्वासपटलाला थेट जोडलेला असतो. जुनं यकृत तिथून सोडवायचं, रक्त येईल ती जागा विजेच्या चटक्याने बंद करायची. कुपोषित बाळाचा पडदा तो केवढा पातळ! चटका बसलेली जागा त्या दिवशी शाबूत दिसते आणि पुढे कधीतरी विरते. त्यात प्रत्यारोपणानंतर दिलेल्या स्टेरॉइडमुळे जखम भरायला वेळ लागतो.

शिवाय जागेचा प्रश्न. बाळाला सहसा मोठ्या माणसाच्या यकृताचा डावा छोटा तुकडा बसवतात. तो मधोमध किंवा डावीकडे राहतो आणि उजव्या श्वासपटलाखाली, जिथे एरवी यकृत पडद्याला टेकून असतं, तिथे मोकळी जागा उरते. तिथे आतडी येऊन बसतात. प्रत्येक श्वासाला छाती वर ओढते, प्रत्येक रडण्याला पोट खालून ढकलतं. म्हणून हा हर्निया बहुतेकदा उजवीकडे होतो आणि भोक आपोआप बुजत नाही.

भोक लहान आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच सर्जनने तोफखान्याच्या एका कप्तानाची हकिकत लिहून ठेवली आहे. गोळी लागूनही तो वाचला आणि आठ महिन्यांनी पोटदुखीने गेला. शवविच्छेदनात आतडं श्वासपटलाच्या भोकात अडकून सडलेलं सापडलं. भोक होतं करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. अरुंद भोकाचाच गळफास लवकर बसतो.

प्रत्यारोपण मुंबई-पुण्यात होतं, मूल परततं धाराशिवला नाहीतर गडचिरोलीला. सहा महिन्यांनी रात्री त्याला धाप लागते, तेव्हा दारात उभा असतो तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ. त्याच्या हातातल्या जाडजूड फाइलमध्ये औषधांचे डोस असतात, रक्ताचे तक्ते असतात. श्वासपटलाबद्दल एक ओळही नसते. उजव्या छातीत हवा कमी जातेय, म्हणजे न्यूमोनिया, नाहीतर पाणी झालं असेल, असं त्याला वाटलं तर दोष त्याला कसा द्यायचा? पण पाणी समजून तिथे सुई टोचली तर ती आतड्यात जाऊ शकते.

छातीचा साधा एक्स-रे तालुक्यातही निघतो. उजव्या छातीत आतड्याची हवा दिसली तर निदान जवळजवळ हातात येतं. शंका उरली तर सीटी स्कॅन. नाकातून नळी टाकून पोट रिकामं करायचं आणि मुलाला सर्जनकडे पाठवायचं. आतडं जिवंत असेल तर ते खाली ओढून भोक न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात, मोठं असेल तर जाळी लावतात. वेळेत झालं तर मूल बरं होतं, नवं यकृतही शाबूत राहतं.

तेव्हा प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक केंद्राने डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ ठळक छापावी: उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर यकृताचे रिपोर्ट कसेही असोत, छातीचा एक्स-रे काढा, तो पाहिल्याशिवाय छातीत सुई घालू नका. एवढ्या दुर्मिळ गोष्टीने पालकांना कशाला घाबरवायचं, असं काही डॉक्टर म्हणतात. मला हे पटत नाही. लेकराला यकृत कापून दिलेली बाई एका ओळीने घाबरणार नाही.

हीच ओळ दात्याच्या कागदावरही हवी. मोठ्या माणसासाठी यकृताचा उजवा भाग देणाऱ्यांमध्येही हा हर्निया नोंदला गेला आहे, आणि दाता तर वर्षभराने आपली फाइल कुठे ठेवली हेही विसरलेला असतो.