बॅग गरम लागतेय? बेल दाबा!

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान उडू लागलं. हिवरखेडच्या पोरापोरींनाही आता इंटरव्ह्यूला विमानानं जाणं अगदीच अशक्य राहिलं नाही. पण काउंटरवर 'बॅगेत पॉवर बँक आहे का?' असं विचारलं, की रांगेतले लोक बघतील म्हणून काही जण 'नाही' म्हणून मोकळे होतात. पहिल्यांदा जाणारे तर हमखास.

हे 'नाही' महागात पडू शकतं. लिथियम बॅटरीचा एक सेल पेटला की तो शेजारच्याला पेटवतो. खालच्या सामानात आग लागली तर उडत्या विमानात तिथं कुणाचा हात पोचत नाही. म्हणून पॉवर बँक जवळच्या बॅगेत ठेवायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात एक पॉवर बँक पेटली. ती सीटच्या खिशात होती, क्रूनं लगेच विझवली.

क्रूला याचं ट्रेनिंग असतं: आधी अग्निशामक, मग भरपूर पाणी. बर्फ नाही, त्यानं उष्णता आतच कोंडते. पण वास आधी तुम्हालाच येणार. तेव्हा गावंढळ दिसू म्हणून गप्प बसू नका, बेल दाबा. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, तो चेंगरून पेटू शकतो.

कॉलेजात टाय बांधायला शिकवतात, त्यात ही दहा मिनिटंही घाला की! आणि हो, २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. शंभरपर्यंत चालते.