शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरून घ्या

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरण्याची मुदत संपत आली की ‘शिष्यवृत्तीबाबत विद्यार्थी उदासीन’ अशी बातमी दरवर्षी वाचायला मिळते. मग मुदतवाढ मिळते आणि थोड्या दिवसांनी तीच बातमी पुन्हा येते. महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळून मी निवृत्त झालो. माझ्या टेबलासमोर उदासीन मुले क्वचितच दिसली. हातात प्लास्टिकची फाईल घेऊन ‘सर, माझा अर्ज कुठं अडकलाय?’ विचारणारीच जास्त.

अभियांत्रिकीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून प्रवेश घेणाऱ्या एखाद्या मुलीचे पाहा. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, गुणपत्रिका हे सगळे सीईटी कक्षाच्या छाननीत तपासले जाते आणि त्याच बळावर राज्य सरकार तिला राखीव जागा देते. पुढे शिष्यवृत्तीसाठी ती महाडीबीटीवर बसते आणि बरेचसे तेच कागद पुन्हा चढवते. क्रमांक टाकला की काही तपशील आपोआप उमटतात हे खरे, पण सगळ्यांचे उमटत नाहीत. मग लिपिकाची तपासणी, प्राचार्यांची मंजुरी, त्यानंतर समाज कल्याण किंवा संबंधित संचालनालयाच्या कार्यालयात आणखी एक तपासणी. स्कॅन पुसट आला तर अर्ज परत. तो परत आल्याचे मुलीला कळते तेव्हा दुरुस्तीची तारीख उलटून गेलेली असते. जागा देताना सरकारला जो दाखला चालला, तो पैसे देताना का चालू नये?

बी.ए., बी.कॉम.ला कॅप नाही. तिथे तर प्रवेशाच्या दिवशी आमच्याच कपाटात मूळ कागद जमा असतात, आणि चार महिन्यांनी त्याच कागदांच्या प्रती आम्हीच मुलांकडे मागतो.

यावर ठरलेले उत्तर असे की, एवढी छाननी नसेल तर बोगस लाभार्थी घुसतील. शिष्यवृत्तीतले गैरव्यवहार राज्याने पाहिले आहेत. त्यासाठी विशेष तपास पथकही नेमावे लागले होते. पण बनावट विद्यार्थी दाखवून पैसे उचलल्याचे आरोप संस्थांवर होते. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलांनी ते केले नव्हते. हेलपाटे मात्र त्यांच्या वाट्याला आले.

‘मुलांना योजनांची माहिती नसते’ ही तक्रार त्यातल्या त्यात खरी आहे, आणि तिचे कारणही सरकारनेच घडवले आहे. अनुसूचित जातीच्या मुलाचे घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. वर असेल तर फ्रीशिप. आर्थिकदृष्ट्या मागास मुलासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, मर्यादा आठ लाख. राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता किंवा स्वाधार, तेही प्रवर्गानुसार. २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या पात्र मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी. यातली आपली योजना कोणती, हे अठरा वर्षांच्या मुलाने ओळखायचे आणि चुकीची निवडली तर वर्ष घालवायचे! प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा प्रकार या चार गोष्टी कळल्या की योजना ठरते. हे काम संगणकाचे आहे.

पैसे मंजूर झाल्यावरही एक खोड उरते. रक्कम आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचे खाते उघडून दिलेले असते, मुलाला त्याचा पत्ता नसतो, आणि तो आपल्या गावच्या बँकेत पासबुक भरून घेत बसतो. प्रवेशाच्या दिवशीच आधारची जोडणी तपासून दिली तर हा घोळ बराच कमी होईल.

म्हणून मागणी एकच. प्रवेश अर्ज हाच शिष्यवृत्तीचा अर्ज धरावा. विद्यार्थ्याने संमतीची सही करावी, उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला द्यावा आणि वर्गात जाऊन बसावे. अर्ज वेळेत पुढे पाठवण्याची जबाबदारी महाविद्यालयाची राहील आणि तो रखडला तर खुलासाही महाविद्यालयच करील. दुसऱ्या वर्षापासून निकाल विद्यापीठाकडूनच घ्यावा, मुलाला गुणपत्रिका मागू नये.

संस्थाचालक कुरकुर करतील. त्यांचीही एक बाजू आहे: सरकारकडून रक्कम वेळेवर येत नाही आणि पगार तर दरमहा करावे लागतात. पण शिष्यवृत्तीस पात्र मुलांकडून प्रवेशावेळी शुल्क घेऊ नये, असे सरकारने वारंवार बजावूनही ‘आता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ हे वाक्य कित्येक ठिकाणी ऐकू येते. त्या वाक्यापायी बापाने सावकाराचे दार गाठलेले मी पाहिले आहे. अर्जाचे काम महाविद्यालयावर आले तर निदान विलंबाबद्दल सरकारशी भांडायला तेही उभे राहतील. आज ते भांडण एकट्या विद्यार्थ्याच्या माथी आहे.

सगळीकडे एकदम जमणार नसेल तर पुढच्या प्रवेश फेरीपासून अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रापुरते तरी करून पाहावे. तिथल्या मुलांची तपासलेली कागदपत्रे सीईटी कक्षाकडे आहेतच.

— एक निवृत्त महाविद्यालयीन लिपिक, जि. बीड