कर्ता कुठं गेला?

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात. आमच्या पोरांच्या पेल्यात ते पाणी घालून येतं. लंडनचं धुकं, स्टेशनवर कुलीला बोलावण्याचे संवाद, असल्या धड्यांवर आपल्या पिढ्याच्या पिढ्या इंग्रजीत नापास झाल्या. म्हणून मी वर्तमानपत्रांवरून इंग्रजी शिकवण्याचं पुस्तक लिहितो आहे. रद्दी किलोवर मिळते. गाईड न परवडणाऱ्या पोरालाही ती परवडते.

पुस्तक तपासणाऱ्या विद्वानांनी सल्ला दिला : क्रिकेट घ्या, हवामान घ्या, सिनेमा घ्या. अत्याचाराच्या बातम्या काढून टाका. भाषा शिकवा, राजकारण नको.

वा रे भाषा! मग पॅसिव्ह व्हॉइस कशावरून शिकवू?

'फोर दलित्स वेअर किल्ड.' व्याकरण शुद्ध. मेलेले हजर, मारणारा गायब. 'बाय'च्या पुढं कोरी जागा. आणि आपण रस्त्यावर उतरलो की वाक्य फटकन ॲक्टिव्ह होतं : 'दलित्स ब्लॉक हायवे.' इथं कर्ता पहिल्याच शब्दात हातकड्या घालून उभा! हे राजकारण मी व्याकरणात घुसवलं काय? ते आधीपासूनच तिथं बसलंय.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली. मोठ्या इंग्रजी पत्रांना त्याची खरी खबर लागायला आठवडे गेले. विदर्भातली आपली माणसं रस्त्यावर आली, तेव्हा कुठं मथळे जागे झाले. तारीख आणि मथळा यांच्यातलं हे अंतर मोजणं, हासुद्धा वाचनाचाच धडा आहे.

लग्नाच्या जाहिराती घ्या. 'कास्ट नो बार' आणि पुढं कंसात 'एससी एसटी एक्स्क्यूज'. एवढ्या चार शब्दांत पोरगं इंग्रजीही शिकतं आणि देशही.

बातमी कोण लिहितं, तेही शिकवलं पाहिजे. १९९६ साली वॉशिंग्टन पोस्टचे काळे वार्ताहर केनेथ कूपर दिल्लीत एक दलित पत्रकार शोधत होते. त्यांच्यासाठी बी. एन. उनियाल यांनी चौकशी केली. राजधानीच्या अधिस्वीकृत पत्रकारांत त्यांना एकही सापडला नाही. हे त्यांनी पायोनियरमध्ये छापलं. कर्ता का गायब होतो, याचं अर्धं उत्तर त्या यादीत आहे.

बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. कोलंबिया आणि लंडनचं इंग्रजी पचवलेल्या या माणसानं ३१ जानेवारी १९२० ला मराठीत 'मूकनायक' काढला. पैसे मोजायची तयारी असूनही केसरीनं त्याची जाहिरात छापली नाही. पुढं 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. वर्तमानपत्र वाचायचं कसं आणि काढायचं कशासाठी, दोन्ही त्यांनी करून दाखवलं.

तेव्हा विद्वानांनो, माझा धडा निघणार नाही. तुम्ही नाही छापला तर आम्ही स्टेन्सिल कापू.

आणि मित्रांनो, तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आजच सुरू करा. रद्दी आणा. दहावीच्या पोरांना बसवा. प्रत्येक 'वॉज' आणि 'वेअर'खाली लाल रेघ मारायला लावा. पुढं एकच प्रश्न विचारा : केलं कुणी? बातमीत उत्तर नसेल तर पोरांनी शोधावं, आणि ते वाक्य इंग्रजीत, कर्त्यासकट, पुन्हा लिहून संपादकाला धाडावं.

असं शंभर वाक्यं लिहिलेलं पोरगं कुठल्याच साहेबापुढं अडखळणार नाही.

जयभीम.