दोन बोटं खाली!

पोलो जीटी टीएसआय घेतल्यापासून एकच गोष्ट डोळ्यांत खुपायची. टायर आणि फेंडरच्या मधली ती पोकळी! 105 पीएसचं इंजिन, सात गिअरचा डीएसजी, आणि गाडी उभी कशी, तर पँट आखूड झालेल्या शाळकरी पोरासारखी. मग काय, लोअरिंग स्प्रिंग्जचा किडा डोक्यात शिरला.

'टाक ना 50 मिलिमीटर खाली, कसली दिसेल यार!' इति मित्र. दिसेल हो, पण चालेल का? पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण 165 मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर 100 मिलिमीटर उंच. 50 गेले की उरले फक्त 15! आणि आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर कुठल्याच नियमात बसत नाही.

फंडा सोपा आहे. गाडी जितकी खाली, तितका सस्पेन्शनला दबायला वाव कमी. म्हणून चांगली स्प्रिंग नुसती आखूड नसते, थोडी कडकही असते. आयबाख, एचअँडआर या जर्मन कंपन्यांच्या सौम्य किट्स गाडी साधारण 25 ते 35 मिलिमीटर खाली आणतात. त्यातल्या बऱ्याच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे आधी मऊ, दाब वाढला की कडक. ओरिजिनल शॉक अब्सॉर्बर दमलेले नसतील तर एवढं निभावून नेतात. 50 ला मात्र तेही बदला, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला धाडकन बंपस्टॉप! जुनी स्प्रिंग कापून घ्यायचा जुगाड तर अजिबात नको. चाक लोंबकळलं की ती जागेवरून निसटू शकते. आणि नंतर व्हील अलाइनमेंट मस्ट, नाहीतर टायर आतून झिजतात.

आता कडू गोळी. आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलंय. उद्या अपघात झाला तर क्लेम अडकू शकतो. तेव्हा आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, मगच पाकिटाला हात घाला.

माझं म्हणाल तर, 25 ची किट नक्की केली होती. त्याआधी एक टेस्ट घेतली. आई-बाबांना मागे बसवलं, डिकीत गावाला जायच्या बॅगा भरल्या आणि टेप लावली. मागची बाजू आपोआप दोन बोटं खाली!

बाबा काचेतून डोकावून म्हणाले, 'अरे, हे तर फुकटात झालं की!'