पोहण्याचा तलाव आणि टँकर

पडघ्याच्या शाखेत मी तीन वर्षं अधिकारी होतो. 2007च्या आसपासची गोष्ट. महामार्गालगतच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहत होती आणि मुंबई-ठाण्याची मंडळी शनिवार-रविवारपुरतं रान शोधत पुढे वासिंद-आसनगावकडे सरकत होती. माहुलीच्या बाजूला विश्रांतिगृह बांधण्यासाठी कर्जाचा एक अर्ज माझ्या टेबलावर आला. सोबत पोहण्याचा तलाव. 'पाण्याची सोय' या रकान्यात लिहिलं होतं : स्वतःची बोअर. मी खूण केली, सही केली. खातं कधी थकलं नाही. चोख परतफेड म्हणून शाखेत कौतुकच झालं.

गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन त्याच ठिकाणी दोन दिवस राहिलो. निळंशार पाणी, कडेला खुर्च्या, संध्याकाळी मोठ्यानं गाणी. (शांततेसाठी आलेल्या माणसांना इतका आवाज का लागतो, कोण जाणे.) परतताना वळणावरच्या पाड्यात हंडे-कळश्यांची रांग दिसली. टँकरची वाट. एक बाई म्हणाली, "साहेब, विहीर होळीलाच आटली."

त्या बोअरमुळेच ती आटली, असं मी म्हणणार नाही. ते भूजलवाल्यांनी मोजायचं. पण मोजायला हवं, हे सही करताना माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

शहापूर तालुका म्हणजे मुंबईची घागर. तानसा 1892 सालचं, मोडकसागर 1957 सालचं, पुढे भातसा. एवढी धरणं उशाशी, आणि उन्हाळ्यात गावोगाव टँकर. मुंबईकराच्या नळाला हे पाणी रोज येतंच. सुट्टीत तो इथे येऊन उरलेल्या पाण्यातही डुंबतो, तेव्हा हिशेब दोनदा चुकतो.

रानात येऊच नये, असं मुळीच नाही. पळसगड, माहुली, भंडारगड अशी तीन शिखरांची ही रांग. उंची अठ्ठावीसशे फूट. 1636 साली शहाजीराजांनी इथेच वेढा झेलला. भोवती तानसा अभयारण्य. शतकभर नाहीसा झाला असं मानलेला रानपिंगळा 1997मध्ये शहाद्याकडे पुन्हा सापडला आणि 2014मध्ये या तानसाच्या रानातही दिसला. पावसाच्या तोंडावर कातकरी, वारली, ठाकर बाया शेवळं विकायला बसतात. काकडं घालून ती भाजी करतात. हे सगळं पायी हिंडणाऱ्याला मिळतं, पाड्यातला वाटाड्या घेतला तर अधिकच. त्याला तलाव लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या महिन्यांत तालुक्यात टँकर फिरतात, त्या महिन्यांत एकाही रिसॉर्टचा तलाव भरू देऊ नये. प्रत्येक बोअरला मीटर बसवावा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. बँकांनीही कर्ज देताना शेजारच्या विहिरीची मे महिन्यातली पातळी विचारावी. धंदा बुडेल, अशी ओरड होईल. कर्जदाराची ओरड मी तीस वर्षं ऐकली आहे. धंदे सहसा बुडत नाहीत.

पाऊस ओसरला की पुन्हा माहुलीला जायचंय. नातवाला ती लोखंडी शिडी चढायची आहे, मी गुडघे नेतील तिथवर. मुक्काम पाड्यातल्याच एका घरी. घरधनिणीनं आधीच बजावलं आहे : आंघोळीला माणशी एकच बादली.