अभियंत्याची वाट शिवारातूनही जाते

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी मुलाखतीस येणाऱ्या कंपन्यांकडे डोळे लावून बसतात, त्याच दिवसांत पंजाब-हरियाणात भाताची कापणी आटोपत येते आणि गव्हाच्या पेरणीला अवघे दोन-तीन आठवडे उरतात. भाताचे अवशेष न जाळता त्यातच गहू पेरणारे हॅपी सीडर हे यंत्र लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने विकसित केले. अशा यंत्रांना अनुदानही मिळते. मात्र ऐन पेरणीत यंत्र अडले, तर त्याचे मर्म जाणणारा माणूस जवळ हवा आणि तोच सहसा सापडत नाही. एकीकडे बंद यंत्र, दुसरीकडे नोकरीच्या प्रतीक्षेतला पदवीधर. या दोघांची गाठ का पडू नये?

भारतात कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम 1942 मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत सुरू झाला. तो उभा करणारे मेसन वॉ हे स्वतः बैलांनी ओढायचे सुधारित नांगर घडवीत असत. म्हणजे ही विद्याशाखा जन्मली तीच मुळी शेताच्या बांधावर. आज तिचे विद्यार्थी बांधापासून दूर गेले आहेत. याचा सारा दोष त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांना शेतावर बोलावतो तरी कोण?

2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहितीधारण 1.08 हेक्टर आहे आणि सुमारे 86 टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत. एवढ्या जमिनीसाठी स्वतःचे यंत्र परवडत नाही. परवडते ते भाड्याचे. शेतकऱ्याला हवी असते वेळेवर मिळणारी सेवा, आणि अभियंत्याला खरा वाव आहे तो इथेच. कृषी अभियांत्रिकीच्या पदवीधरांना 2002 पासून चालू असलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेतून प्रशिक्षण व कर्जाशी निगडित अनुदान मिळू शकते. यांत्रिकी वा विद्युत शाखेच्या तरुणाला अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र काढायचे असेल, तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे.

हे चित्र गुलाबी रंगवण्याचे कारण नाही. पेरणीयंत्राचे काम वर्षातून काही आठवडेच चालते. बँकेचा हप्ता मात्र हंगाम पाहून येत नाही. भाडे पुष्कळदा सुगीनंतर हाती पडते. म्हणून एकाच यंत्रावर विसंबणारा बुडतो. पेरणी, फवारणी, मळणी आणि रिकाम्या महिन्यांत पंपांची दुरुस्ती, अशी सांगड घालावी लागते. शिवाय घरचा प्रश्न असतोच: नोकरी नसलेल्या मुलाचे लग्न जुळवताना आईवडिलांची होणारी घालमेल कोणत्याही प्रकल्प अहवालात मांडलेली नसते.

म्हणूनच तरुणांना उपदेश करण्याआधी आपण, विस्तार कार्यकर्त्यांनी, काही करायला हवे. अंतिम वर्षाचे प्रकल्प अहवाल बहुधा महाविद्यालयाच्या कपाटातच राहतात. या वर्षी जवळच्या महाविद्यालयाला आपल्या तालुक्यातील तीन अडचणी लेखी कळवाव्यात: कोणत्या पिकात, कोणत्या कामाला मजूर मिळत नाहीत आणि एकरी खर्च किती येतो. प्रगतिशील शेतकऱ्यांनी चाचणीसाठी अर्धा एकर द्यावा, पहिला नमुना फसला तरी दुसऱ्यांदा बोलवावे. आणि दुरुस्ती करून दिली, तर मुलाच्या हातावर त्याच दिवशी मजुरी ठेवावी.